घड्याळ विसरले, कुलूप विसरले नाही

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या अकरावीच्या वर्गातील एक मुलगी कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन प्रयोगशाळेत आली. दहावीची परीक्षा संपल्यावर तिच्या वडिलांनी तो जुन्या संगणकांच्या एका दुकानातून अकरा हजार रुपयांना घेतला होता. दोन महिने यंत्र उत्तम चालले. पुढे प्रवेशाच्या धावपळीत ते महिना-दीड महिना कपाटात पडून राहिले. पुन्हा सुरू केले तेव्हा पडद्यावर नेहमीचे चित्र आलेच नाही. आली ती एक सूचना: तारीख आणि वेळ चुकीची आहे, सेटअपमध्ये जाऊन ती दुरुस्त करा. सेटअपमध्ये जाण्याची कळ दाबली, तर एका छोट्या कुलपाचे चित्र आणि शेजारी रिकामी चौकट. यंत्र पासवर्ड मागत होते. तो तिला ठाऊक नव्हता, वडिलांना नव्हता आणि दुकानदारालाही नव्हता. पासवर्ड नाही म्हणून तारीख बदलता येईना, आणि तारीख बदलत नाही म्हणून यंत्र पुढे सरकेना. दुकानाची एक महिन्याची हमी केव्हाच संपली होती.

दुकानदाराने फोनवर एक उपाय सांगितला. "आतला गोल सेल काढा, अर्धा तास तसाच राहू द्या, पासवर्ड उडून जाईल." हा उपाय तुमच्यापैकीही काही जणांनी ऐकला असेल. आम्ही खालचे झाकण उघडले, मुख्य बॅटरी सोडवली आणि तो सेल बाहेर काढला. व्होल्टमीटरवर त्याने ३ व्होल्टऐवजी जेमतेम १.९ व्होल्ट दाखवले. म्हणजे तारीख का बिघडली, हे तर कळले. अर्ध्या तासाऐवजी आम्ही तो रात्रभर बाहेर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नवा सेल बसवून कळ दाबली. घड्याळ पुन्हा आरंभाच्या तारखेपासून चालू लागले होते. कुलूप मात्र होते तेथेच होते!

"सर, एकाच यंत्रातली एक गोष्ट रात्रीत पुसली गेली आणि दुसरी नाही, असे कसे?" तिने विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर शोधताना बारावीच्या पुस्तकातील दोन-तीन प्रकरणे आपल्याला उपयोगी पडणार आहेत.

संगणकाचा पहिला श्वास

संगणकाची कळ दाबली जाते त्या क्षणी त्याची कामाची स्मृती, म्हणजे रॅम, कोरी असते. विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली डिस्कवर असते, पण डिस्क कशी वाचायची हे तरी प्रोसेसरला कोणी सांगायचे? त्यासाठी मदरबोर्डवरील एका चिपमध्ये काही आज्ञा कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. यांनाच फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस हे नाव होते, नव्या यंत्रांत यूईएफआय असे म्हणतात. कळफलक, स्मृती, डिस्क जागेवर आहेत ना, हे पाहून हे फर्मवेअर कारभार मुख्य प्रणालीच्या हाती सोपवते.

आपल्यापुढील कुलूप या पहिल्याच पायरीवर होते. प्रणाली पुन्हा चढवली, डिस्क बदलली, तरी त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या पायरीवर पासवर्डचे तीन प्रकार असू शकतात. एक यंत्र सुरूच होऊ देत नाही, दुसरा फक्त सेटअपच्या दारावर बसतो आणि तिसरा डिस्कला स्वतंत्रपणे कुलूप घालतो. आमच्या लॅपटॉपवर दुसरा प्रकार होता. सेटअपमध्ये जाण्याची गरजच पडली नाही तोवर त्याचे अस्तित्व कळले नाही. सेल संपला, घड्याळ बिघडले आणि सेटअपमध्ये जाणे भाग पडले, तेव्हा ते उघडकीस आले. थोडक्यात, सेल मेल्याने कुलूप गेले तर नाहीच, उलट सेल मेल्यामुळेच ते समोर आले.

सेलवर जगणारी स्मृती

दुकानदाराचा सल्ला मात्र खोटा नव्हता. तो जुन्या काळातला होता, इतकेच. १९८४ साली आयबीएम कंपनीने 'पीसी एटी' हा संगणक बाजारात आणला. त्यात मोटोरोला कंपनीची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात ६४ बाइटची चिमुकली स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी लागत, उरलेल्या ५० बाइटांत संगणकाच्या जुळणीची माहिती ठेवता येई. डिस्क कोणती, स्मृती किती, अशी ही माहिती. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून या चिपला बॅटरी जोडलेली असे. पुढे अनेक संगणकांनी पासवर्डही या स्मृतीच्या एका कोपऱ्यात ठेवायला सुरुवात केली.

या स्मृतीतील प्रत्येक बिट म्हणजे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या ट्रान्झिस्टरांचे एक लहानसे मंडल असते. वीज मिळत आहे तोवर ते 'शून्य' किंवा 'एक' यांपैकी एका स्थितीत ठाम उभे राहते. फिरता भोवरा जसा फिरण्याच्या बळावर उभा असतो, तसेच हे आहे. वीज तुटली की स्थिती गेली.

आता मनात येईल की पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा जाडीने थोडाच मोठा असलेला सेल हा भोवरा वर्षानुवर्षे कसा फिरता ठेवतो? याचे श्रेय सीमॉस या रचनेला आहे. ती १९६३ साली अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वनलास यांनी पुढे आणली. हिच्यात दोन विरुद्ध जातींचे ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडलेले असतात. एक उघडा असला की दुसरा मिटलेला असतो. एकाच नळावर दोन तोट्या बसवल्या आणि त्यांतील एक सदैव बंद राहील अशी व्यवस्था केली, तर पाणी वाहील कसे? स्थिती बदलतानाच काय तो क्षणभर प्रवाह जातो, एरवी नुसती अत्यल्प गळती.

गणित करून पाहू. सीआर २०३२ या नावाने मिळणाऱ्या सेलचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते (नावातच ही मापे दडलेली आहेत). त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ आणि स्मृती मिळून ५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेतात असे धरा. भागाकार केला की ४४,००० तास येतात, म्हणजे पाच वर्षे. लॅपटॉप वापरात असताना घड्याळाला मुख्य बॅटरीतून वीज मिळते, त्यामुळे सेल प्रत्यक्षात आणखी पुरतो. आमच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप कपाटात पडून राहिला, मुख्य बॅटरी उतरली आणि सगळा भार आधीच थकलेल्या सेलवर आला. शिक्षकांनी हे गणित प्रवाहाची निरनिराळी मूल्ये देऊन वर्गात जरूर करून घ्यावे. सेलमात्र लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला फार गंभीर इजा होते.

या जुन्या कुलपांची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. पन्नास बाइटांत जागा ती किती! म्हणून काही यंत्रांत पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्यातील अक्षरांवर ठरावीक क्रिया करून येणारी दोन बाइटांची एक खूण साठवत. तुम्ही शब्द टंकित केला की यंत्र त्याची खूण काढी आणि साठवलेल्या खुणेशी ताडून पाही. दोन बाइट म्हणजे १६ बिट, म्हणजे २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ निरनिराळ्या खुणा. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरी शब्द मात्र २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. भागाकार करा. सरासरीने एकेका खुणेच्या वाट्याला सुमारे ३२ लाख शब्द येतात. म्हणजे त्या कुलपाला ३२ लाख किल्ल्या लागत होत्या आणि मालक समजत होता की किल्ली एकच आहे. पुढील काळात खुणांची लांबी वाढली आणि तीन चुका झाल्या की यंत्र अडून बसू लागले, ते योग्यच झाले.

पेवातले इलेक्ट्रॉन

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आमच्या लॅपटॉपने पासवर्ड ठेवला होता तो सेलवर जगणाऱ्या स्मृतीत नव्हे. तो होता विजेवाचून टिकणाऱ्या दुसऱ्या एका चिपमध्ये.

या जातीच्या चिपची मूळ कल्पना १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डाउन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. ट्रान्झिस्टरमधून प्रवाह जाऊ द्यायचा की नाही, हे त्याच्या 'द्वारा'वरील विद्युत्भार ठरवतो, हे तुम्ही शिकला असाल. या दोघांनी नेहमीच्या द्वाराखाली आणखी एक द्वार ठेवले. ते कशालाच जोडलेले नव्हते. सर्व बाजूंनी विद्युतरोधक थरात बंदिस्त असे ते 'तरंगते द्वार' होते. आजच्या चिपांत हा थर सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थाने काचेचाच असतो. या तरंगत्या द्वारात इलेक्ट्रॉन कोंडले, तर त्यांच्या ऋण भारामुळे खालच्या वाटेने प्रवाह जाणे अवघड होते. कोंडले नाहीत, तर प्रवाह सहज जातो. एक स्थिती 'शून्य', दुसरी 'एक'.

आपल्याकडे पूर्वी धान्य पेवात साठवत. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, धान्य भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. एकदा लिंपले की रोज देखभाल नको. तरंगते द्वार हे इलेक्ट्रॉनांचे पेव होय. त्याच्या भिंती किती उंच असतात? सिलिकॉनमधून त्या ऑक्साइडमध्ये शिरण्यासाठी इलेक्ट्रॉनला सुमारे ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे त्याच्या वाट्याला येणारी ऊर्जा मात्र साधारण १/४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. भिंत जवळजवळ सव्वाशे पट उंच झाली! अशा इलेक्ट्रॉनने केवळ उष्णतेच्या बळावर भिंत ओलांडण्याची शक्यता लिहायची तर दशांशचिन्हानंतर पन्नासांहून अधिक शून्ये मांडावी लागतील. म्हणूनच सेल अर्धा तास काढा की वर्षभर, पेवाला त्याचे काहीच नाही. तेथे सेलचा संबंधच नसतो.

मग इलेक्ट्रॉन आत भरायचे तरी कसे? येथे पुंजयामिकी मदतीला येते. भिंतीवरून उडी मारता येत नसली, तरी भिंत पुरेशी पातळ केली तर इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार जाऊ शकतो. यालाच टनेलिंग म्हणजे बोगदा-परिणाम म्हणतात. प्रबळ विद्युत्क्षेत्रात हे कसे घडते, याचे गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ सालीच मांडले होते. ऑक्साइडचा थर १० नॅनोमीटर जाडीचा असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंमध्ये १० व्होल्टचा फरक निर्माण केला, तर क्षेत्र होते १०० कोटी व्होल्ट प्रतिमीटर. हवेत ठिणगी पडायला सुमारे ३० लाख व्होल्ट प्रतिमीटर पुरतात, त्याच्या तीनशे पटींहून हे अधिक आहे. एवढ्या क्षेत्रात भिंत तिरपी होऊन तिचा वरचा भाग इतका निमुळता होतो की इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातात. क्षेत्राची दिशा उलटी केली की ते परत येतात आणि बिट पुसला जातो. लागणारे जादा व्होल्ट ही चिप आपल्या पोटातील सूक्ष्म धारित्रांच्या मदतीने स्वतःच तयार करते.

विजेने पुसण्याची सोय पुढे झाली. १९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी तरंगत्या द्वाराची जी चिप बनवली, तिच्या माथ्यावर क्वार्ट्‌झची एक छोटी खिडकी असे आणि त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून ती पुसावी लागे. प्रकाशाची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर घ्या आणि फोटॉनची ऊर्जा काढा. ती सुमारे ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, म्हणजे ३.१ च्या भिंतीहून जास्त. बारावीत शिकता तो प्रकाशविद्युत परिणाम येथे रोजच्या कामाला जुंपलेला होता.

"मग सर, आपणही या चिपवर अतिनील दिवा धरू या की," असे ती म्हणालीच. पण आताच्या चिपा काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद असतात, त्यांना खिडकी नसते. शिवाय अतिनील प्रकाश निवड करीत नाही, तो सगळेच पुसतो. पासवर्डच्या शेजारी त्याच चिपमध्ये यंत्राचा अनुक्रमांक आणि इतर आवश्यक माहितीही असू शकते. ती गेली तर यंत्र कुलपासकट निकामी व्हायचे.

कुलपाची जागा का बदलली?

सेल काढल्यावर उघडणारे कुलूप बनवणारे अभियंते काही मूर्ख नव्हते. कार्यालयातील टेबलावरचा जड संगणक त्यांच्यापुढे होता. ज्याला त्याचे झाकण निवांतपणे उघडता येते, तो बहुधा मालक किंवा मालकाने बोलावलेला कारागीरच असणार, असे त्यांनी गृहीत धरले. म्हणून विसराळू मालकासाठी सेलची वाट खुली ठेवली. लॅपटॉपने हे गृहीत मोडून काढले. तो काखेत मारून पळवता येतो आणि चोराला झाकण उघडायला हवा तेवढा निवांतपणा मिळतो. म्हणून कुलूप पेवात गेले. लेनोवोच्या थिंकपॅड यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत तर स्पष्ट लिहिले आहे की सेटअपचा मुख्य पासवर्ड विसरल्यास तो काढण्याची सोय नाही. खरेदीचा पुरावा दाखवून आणि पैसे भरून मदरबोर्डच बदलून घ्यावा लागेल. विसराळू मालकाला हा नियम कठोर वाटेल. मलाही वाटतो. पण चोरालाही तोच नियम लागू आहे, आणि यंत्राला दोघांमधला फरक ओळखता येत नाही.

अ‍ॅपल कंपनीने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिच्या इंटेल प्रोसेसरच्या मॅक संगणकांना फर्मवेअर पासवर्ड घालता येई. तो विसरला तर मूळ बिलासह अधिकृत केंद्रात जाण्यावाचून मार्ग नसे. नोव्हेंबर २०२० पासून तिने स्वतःच्या प्रोसेसरचे मॅक आणले, त्यांत हा पासवर्डच ठेवलेला नाही. त्याऐवजी मालकाने सोय चालू ठेवली असेल तर नव्याने जुळणी करताना यंत्र इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाला विचारते की माझा मालक कोण. कुलपाची नोंद यंत्राबाहेर, कुठल्यातरी दूरच्या इमारतीत असते. सेल काढा, डिस्क पुसा, ती नोंद तशीच राहते.

पुढे काय झाले

बाजारात चौकशी करता तिच्या वडिलांना एक कारागीर भेटला. दीड हजार रुपयांत चिपमधली माहिती बदलून देतो म्हणाला. हे तंत्र अस्तित्वात आहे आणि त्यात चुकीचे असे काही नाही, मालकाचे यंत्र असेल तर. पण त्याने बिल मागितले नाही, हे मला खटकले. त्यातच लॅपटॉपच्या बुडाशी एक चिकटपट्टी होती, नखाने अर्धवट खरवडलेली. तिच्यावर एका कंपनीच्या नावातील काही अक्षरे आणि मालमत्तेचा क्रमांक शिल्लक होता. वडील एकदम गप्प झाले. "सर, चोरीचा असला तर?" त्यांनी हळूच विचारले. हा प्रश्न अकरा हजारांहून मोठा होता. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो अप्रामाणिकपणे ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तोपर्यंत त्यांना कारण नव्हते. पट्टी वाचल्यावर आता विचारून घेणे आले.

आम्ही दुकानदाराला तो क्रमांक कळवला आणि ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याकडे चौकशी करा, असे सांगितले. त्याने आधी टाळाटाळ केली, पण केली चौकशी. बारा दिवसांनी निरोप आला. पुण्यातील एका कंपनीने जुने लॅपटॉप एकगठ्ठा विकले होते आणि विक्रीच्या यादीत हा क्रमांक होता. डिस्का त्यांनी आधीच काढून नष्ट केल्या होत्या, कुलूप काढायचे मात्र या यंत्रावर राहून गेले होते. पासवर्ड फोनवर सांगायला त्यांनी नकार दिला. त्यांच्या सगळ्याच यंत्रांना तो एकच होता! तेव्हा बापलेक एस.टी.ने पुण्याला गेली. तेथील तंत्रज्ञाने बिल पाहिले, क्रमांक ताडला, लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि मिनिटभरात कुलूप काढून दिले. एकगठ्ठा विक्रीच्या यादीची एक प्रतही दिली.

तुम्ही जुना लॅपटॉप घ्यायला गेलात, तर चित्रे आणि आवाज तपासण्याआधी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा आणि सेटअपची कळ स्वतः दाबा. काही यंत्रांत ती एफ १ असते, काहींत एफ २ किंवा डिलीट. सेटअप नुसते उघडले म्हणून समाधान मानू नका. काही यंत्रे पासवर्डवाचून ते पाहू देतात, बदलू देत नाहीत. तारीख एक दिवस पुढे करून, साठवून, पुन्हा मागे आणा. मॅक असेल तर विकणाऱ्याने आपले खाते त्यातून काढले आहे ना, हे त्याच्यासमोरच नवी जुळणी सुरू करून पाहा. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या, आणि तो बुडावरच्या व सेटअपमधल्या क्रमांकाशी जुळतो का तेही पाहा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

त्या मुलीचा लॅपटॉप आता चालू आहे. पुण्याहून परत आल्यावर तिने त्याच्या सेटअपला स्वतःचा पासवर्ड घालायचे ठरवले होते. तो कोठे लिहून ठेवावा, असे विचारायला ती आली होती. घरात बिल जेथे ठेवले आहे तेथेच, असे मी सांगितले.